पडून राहिलेले चाळीस नांगर

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक जण नक्की असेल. आयटीआय झालेला किंवा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असलेला, एसी-फ्रिज दुरुस्तीचा नाहीतर सोलर पॅनेल बसवून द्यायचा धंदा सुरू करू पाहणारा. त्याने सगळ्यात आधी काय केलं असेल, सांगू? लोगो. मग इन्स्टावर पेज, मग छातीवर नाव छापलेले चार टी-शर्ट, मग व्हिजिटिंग कार्ड. नावावरच पंधरा दिवस चर्चा. आडनाव ठेवायचं की काहीतरी इंग्रजी, शेवटी ‘सोल्युशन्स’ लावायचं की ‘टेक’?

यात चूक काही नाही. नाव लागतंच. पण आज ज्या माणसाची गोष्ट सांगायची आहे, त्याचं नाव तुम्ही शेताच्या बांधावर, पंपाच्या पाटीवर, डिझेल इंजिनावर आणि रेल्वे स्टेशनाच्या बोर्डावर वाचलेलं आहे. गावाकडे आजोबा असतील तर त्यांना विचारा. विहिरीवरच्या इंजिनाला ते ‘ऑइल इंजिन’ म्हणायचे की सरळ ‘किर्लोस्कर’? बहुतेक घरांत दुसरं उत्तर मिळेल. आडनावच वस्तूचं नाव होऊन बसलं. आणि या आडनावाचा धंदा सुरू झाला तो दोन भावांच्या सायकलच्या दुकानातून. विक्री आणि दुरुस्ती, बस्स. आजच्या भाषेत सांगायचं तर टू-व्हीलरचं छोटं गॅरेज.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर. जन्म २० जून १८६९, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. वडील वेदान्ताचा अभ्यास असलेले, धार्मिक वळणाचे. मुलाचं शाळेत मन रमेना. त्याला दोनच गोष्टी आवडायच्या, चित्रं काढणं आणि यंत्रं उघडून बघणं. त्या काळी या दोन्हींतली एकही गोष्ट करिअर नव्हती. तरी १८८५ साली, सोळाव्या वर्षी, पोरगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला. वडिलांची मर्जी नव्हती. पाठीशी उभे राहिले थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा. हे नाव लक्षात ठेवा. लक्ष्मणरावांच्या गोष्टीत प्रत्येक वळणावर ते सापडतात, आणि लोक त्यांना हमखास विसरतात.

दोनेक वर्षं गेली आणि कळलं की या मुलाला काही रंगांच्या छटा ओळखूच येत नाहीत. आंशिक रंगांधळेपणा. चित्रकार व्हायला घरातून भांडून निघालेल्या मुलासाठी हा निकाल कसला होता, याची कल्पना करा. बारावीनंतर ठरवलेली वाट एका तपासणीत बंद झालेली तुमच्यातही कोणी असेल. त्याला हे समजावून सांगायला नको.

रंग गेले, रेषा राहिली. लक्ष्मणरावांनी मेकॅनिकल ड्रॉइंगचा हात धरला आणि त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिकवायची नोकरी मिळाली. ही म्हणजे आपली आजची व्हीजेटीआय. संस्था तेव्हा अगदी नवी, १८८७ मध्ये सुरू झालेली. ड्रॉइंगचा हा तरुण मास्तर वर्गाबाहेरचा वेळ वर्कशॉपमध्ये घालवायचा. यंत्राचा कागदावरचा छेद काढणारा हात ते यंत्र प्रत्यक्ष खोलायलाही शिकला. शिवाय परदेशी, विशेषतः अमेरिकन तांत्रिक मासिकं वाचायचा नाद लागला, तो जन्मभर टिकला. डिग्री त्यांच्याकडे नव्हती. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे त्यांनी जे उभं केलं ते बघून बरेच जण त्यांना इंजिनीअरच समजतात.

याच काळात मुंबईत सायकल दिसू लागली. लक्ष्मणरावांनी ती बघितली, विकत घेतली, चालवायला शिकले आणि तिच्यात त्यांना धंदा दिसला. ते मुंबईहून सायकली बेळगावला पाठवायचे आणि रामूअण्णा तिथे विकायचे. साल १८८८. ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ ही कंपनी आपला जन्म याच सालापासून मोजते. बेळगावात आजही किर्लोस्कर रोड आहे.

आता जरा इथे थांबू. कारण मला विचाराल तर या माणसाच्या सगळ्या चरित्रातला तुमच्या त्या एसीवाल्या मित्रासाठी सगळ्यात कामाचा भाग हाच आहे.

सायकलची किंमत तेव्हा सातशे ते हजार रुपये. एखाद्या मास्तराचा वर्षभराचा पगारही यापेक्षा कमी असायचा. म्हणजे गिऱ्हाईक कोण? वकील, अधिकारी, जहागीरदार. पैसा आहे, पण ही वस्तू आयुष्यात पहिल्यांदाच बघतोय. हजार रुपये देऊन घेतलेली वस्तू त्याला घरी नेता येत नाही, कारण तिच्यावर बसताच येत नाही! भर रस्त्यात पडलो तर गावात हसं होणार, ही धास्ती वेगळीच. मग किर्लोस्कर बंधू काय करायचे? सायकल चालवायला शिकवायचे. फी पंधरा रुपये.

तुम्हाला हे आज किरकोळ वाटेल. पण विचार करा, त्या बेळगावात सायकल बिघडली तर दुसरा मिस्त्री होता कुठे? हवा भरलेल्या टायरचं पेटंट डनलॉपने घेतलं तेच मुळी १८८८ मध्ये. पंक्चर काय असतं हेसुद्धा लोकांना माहीत नव्हतं. विकणारा, शिकवणारा आणि दुरुस्त करणारा एकच असेल तरच असली वस्तू खपते. गिऱ्हाईक सायकल घेत नव्हतं. बिघडल्यावर जायचं कुठे, याचा पत्ता घेत होतं. तो पत्ता म्हणजे दुकानाचं नाव. ब्रॅण्ड हा शब्द या दोन भावांच्या कानावरही गेला नसेल. पण जो फिटर मशीन बसवून निघताना झाकणाच्या आत फोन नंबरचं स्टिकर चिकटवून जातो, तो आजही हेच करत असतो.

नावाचीही एक गंमत आहे. ‘किर्लोस्कर’ म्हटलं की तेव्हाच्या मराठी माणसाला आठवायचं नाटक. ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही मूळ गुर्लहोसूरचेच, आणि किर्लोस्कर नाटक मंडळी तर घरोघर ठाऊक. म्हणजे आडनाव आधीच प्रसिद्ध, पण भलत्याच गोष्टीसाठी. बेळगावच्या दुकानावर ते नाव लावताना दोघा भावांना नाट्यपदांचं वलय फुकट मिळालं असेलही. पण सायकलची चेन तुटल्यावर ते वलय काय उपयोगाचं? त्या नावाला लोखंडाचा वास यायला आणखी वीस-पंचवीस वर्षं लागली.

लक्ष्मणराव इतकी वर्षं मुंबईत नोकरीतच होते. दुकान सांभाळायचे रामूअण्णा. १८९७ मध्ये संस्थेत बढतीची वेळ आली, पात्रता लक्ष्मणरावांची होती आणि जागा दिली गेली एका अँग्लो-इंडियन माणसाला. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं. वय अठ्ठावीस. अपमान झाला म्हणून नोकरी सोडणारे पुष्कळ असतात. त्यांच्या बाबतीत फरक इतकाच, की नोकरी सोडण्याआधी नऊ वर्षं दुसरीकडे एक दुकान चालू होतं. राजीनाम्याच्या गोष्टी सांगताना आपण ही बाजू गाळून टाकतो.

बेळगावात मग सायकलच्या जोडीला अमेरिकन पवनचक्क्यांची एजन्सी आली. पवनचक्की म्हणजे दुकानाच्या कट्ट्यावर ठेवून विकायची वस्तू नव्हे. गिऱ्हाइकाच्या जागेवर जायचं, मनोरा उभा करायचा, पाणी चढतंय का बघायचं, नाही चढलं तर पुन्हा जायचं. आज ज्याला ‘फील्ड सर्व्हिस’ म्हणतात ते हे काम. यातून लक्ष्मणरावांना एक गोष्ट आयती मिळाली. ते शेतकऱ्याच्या वावरात उभे राहू लागले. काय अडतंय हे तिथे डोळ्यांना दिसत होतं.

पहिलं दिसलं ते कडब्याचं. ज्वारीची ताटं जनावरापुढे आख्खी टाकली की ते पाला खातं, दांडे तुडवतं. निम्मी वैरण पायाखाली जाते. तीच बारीक कापून, कुट्टी करून टाकली तर दांड्यासकट संपते. मग १९०१ च्या सुमाराला कडबा कापायचं यंत्र तयार झालं. परदेशी यंत्रं होती, पण हे इथल्या कडब्यासाठी इथे बनवलेलं. वर्कशॉप छोटं, मशिनरी जेमतेम, पण दुसऱ्याचा माल विकणारे दोन भाऊ आता स्वतःचा माल विकू लागले.

आणि मग १९०३ मध्ये लोखंडी नांगर.

शहरात वाढलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. लाकडी नांगर जमीन फाडतो, पण उलथत नाही. काळ्या जमिनीत हराळी आणि कुंदा यांच्या मुळ्या खोल गेलेल्या असतात; वरवर नांगरलं की पावसाबरोबर पुन्हा वर येतात. लोखंडी नांगर माती खोलवरून उचलून पालथी घालतो, मुळ्या उन्हात पडून वाळतात. फायदा कोणालाही कळावा असा. विलायती नांगर तो फायदा देतही होते. लक्ष्मणरावांनी ते नमुने डोळ्यांपुढे ठेवून आपला नांगर बनवला. चाळीस नांगर तयार केले.

एकही खपला नाही. दोन वर्षं.

आठवडा नव्हे, सीझन नव्हे. दोन वर्षं! येता-जाता रोज नजरेला पडणारे, गंजू नये म्हणून पुसावे लागणारे, भांडवल अडकवून बसलेले चाळीस नांगर. कारण काय? शेतकऱ्यांत समज होता की लोखंडाने जमीन विषारी होते, पीक जळतं. वाडवडिलांपासून लाकडाने नांगरलं, तेव्हा काळी आई व्यायली; तिच्या पोटात लोखंड कोण घालणार?

इथे आपल्या पानांवर नेहमी होते ती चूक मला करायची नाही. शेतकरी अडाणी होता आणि उद्योजक शहाणा होता, अशी ही गोष्ट नाही. त्या शेतकऱ्याकडे एकच जमीन होती. नांगर वाईट निघाला तर लक्ष्मणरावांचे चाळीस नांगर बुडणार होते, त्याचं मात्र वर्ष बुडणार होतं, पोरंबाळं उपाशी राहणार होती. शिवाय लोखंडी नांगराला बैल जास्त लागतात, चार-चार, सहा-सहा. ज्याच्याकडे एकच जोडी आहे त्याने दुसऱ्याची बैलं मागून आणायची आणि एका अनोळखी लोखंडावर भरवसा ठेवायचा? त्याचं नाही म्हणणं हिशेबाचं होतं. जाहिरातीने ते बदललं नसतं.

बदललं ते नांगर वावरात चालवून दाखवल्याने. प्रदर्शनांत, शेतांत, लोकांच्या डोळ्यांदेखत. पहिली गिऱ्हाइकं मिळाली ती चार पैसे बाळगून असलेले, जोखीम पेलू शकणारे शेतकरी. त्यांच्या वावरात पीक जळलं नाही, उलट हराळी गेली, हे शेजाऱ्याने कुंपणावरून बघितलं. शेजाऱ्याचा डोळा ही त्या काळची रिव्ह्यू सिस्टीम. तिच्यात फाइव्ह स्टार विकत घेता येत नव्हते. स्वदेशीची चळवळ १९०५ पासून जोरात आली, तिनेही हवा दिली असेल. पण देशी आहे म्हणून कोणी टोपी घेईल, उपरणं घेईल. वावरात न चालणारा नांगर कोणी घेत नाही.

आणि नांगर विकून काम संपत नाही. फाळ झिजतो. खडकाळ रानात तर भराभर झिजतो. ऐन नांगरटीत फाळ गेला आणि नवा मिळाला नाही, तर ते सगळं धूड बांधावर पडून राहणार. विलायतेतून येणाऱ्या नांगराची ही दुखरी नस होती. त्याचा सुटा भाग समुद्रापलीकडून यायचा. बेळगावचा नांगर बनवणारा मात्र बैलगाडीच्या टप्प्यात होता. सायकलच्या दुकानात जे कळलं होतं तेच इथे पुन्हा, की बिघडल्यावर जायचं कुठे? शिवाय हा माल बिडाचा, ओतलेला. छापील चिठ्ठी फाटते, रंगवलेली पाटी पुसते. बिडात ओतलेलं नाव मात्र नांगर मोडीत जाईपर्यंत राहतं. चांगलं काम केलं तरी, वाईट केलं तरी.

जरा बस्तान बसतंय तोच नगरपालिकेची नोटीस आली. शहर वाढवायचं आहे, जागा सोडा. बेळगावात उभा केलेला कारखाना हलवायचा कुठे? किर्लोस्कर बंधू त्या वेळी औंधला बांधकामाचं काम करत होते. औंध म्हणजे साताऱ्याकडचं छोटंसं संस्थान. तिथले राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार, सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते. राजा चित्रकार, आणि कारखानदार चित्रकार होता होता राहिलेला. दोघांचं जमलं नसतं तरच नवल. बाळासाहेबांनी लक्ष्मणरावांना संस्थानात हवी ती जागा निवडायला सांगितली आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले.

लक्ष्मणरावांनी निवडली ती जागा बघून लोकांनी डोक्याला हात लावला असेल. कुंडल रोड स्टेशनजवळचं बत्तीस एकरांचं माळरान. नुसतं निवडुंग आणि साप. पाणी जवळ नाही, सावली नाही. पण एक गोष्ट होती, रेल्वे. बीड आणि कोक आत येणार, नांगर बाहेर जाणार, तर दारात गाडी थांबली पाहिजे. सुपीक जमीन नांगर चालवणाऱ्याला लागते, बनवणाऱ्याला लागतो रूळ. १० मार्च १९१० ला काम सुरू झालं. लक्ष्मणराव चाळिशीचे होते. थोडेसे कामगार, त्यांची बायकामुलं, तंबू-झोपड्या आणि निवडुंग तोडायला कुऱ्हाडी.

ते उभं करायला कोण होतं, तेही बघा. रामूअण्णांनी वसाहत सांभाळली. घरं, रस्ते, स्वच्छता, भांडणं सोडवणं, सगळं. शंभोराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी अशी माणसं जमली. त्यातल्या सगळ्यांकडे मोठ्या डिग्र्या नव्हत्या. कॉलेज अर्धवट राहिलेलाही होता. लक्ष्मणराव कागद बघत नसत, हात बघत. त्याहून धाडसाचं म्हणजे, तुरुंगातून शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी वसाहतीच्या राखणीला ठेवलं. ज्यांना चोर म्हणून गाव जवळ करत नव्हतं त्यांच्या हाती पहारा! अस्पृश्यता पाळायची नाही, हाही वसाहतीचा नियम. १९१० च्या आसपास हे म्हणणं सोपं नव्हतं, करणं तर नाहीच.

मात्र एक सांगतो. मालकाच्या वसाहतीत राहायचं, मालकाच्या शिस्तीने वागायचं, घराच्या स्वच्छतेवरही कारखान्याची नजर, हे तुमच्या-माझ्यासारख्यांना आज जरा गुदमरवणारंच वाटेल. काम सुटलं की घरही सुटणार. चांगल्या मालकाच्या हातात ही व्यवस्था चांगली चालते, एवढंच म्हणता येईल. आणि प्रत्येक मालक लक्ष्मणराव नसतो.

पहिलं महायुद्ध सुरू झालं १९१४ मध्ये. विलायती नांगरांची आवक आटली आणि किर्लोस्करवाडीच्या नांगराला मागणी वाढली. पण आटला तो फक्त प्रतिस्पर्धी नव्हे. कारखान्याला लागणारं लोखंड, कोक आणि नांगराला लावायचा रंगसुद्धा बाहेरून येत होता, तोही आटला. मागणी दारात उभी आणि भट्टी थंड, अशी वेळ. कोकऐवजी लोणारी कोळसा वापरून बघितला, जुनंपुरानं लोखंड गोळा केलं, रंगाचीही इथेच काहीतरी सोय लावायची धडपड झाली. अशा वेळी मालाचा दर्जा घसरला असता तरी लोकांनी घेतला असता, दुसरा मिळतच नव्हता. छोट्या धंद्याची खरी परीक्षा बहुधा तेव्हाच होते, जेव्हा गिऱ्हाईक नाडलेलं असतं. गेल्या काही वर्षांत ऐन मे महिन्यात एसी बंद पडलेल्या घरांनी याचा अनुभव घेतला आहे. चकाचक गाडी, छातीवर नाव, ‘आज येतो’ असं सांगून चार दिवस पत्ता नाही आणि आल्यावर दुप्पट बिल. आमच्याही घरी असाच एक जण आला होता. त्याचा लोगो मात्र झकास होता.

युद्ध संपलं आणि १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ झाली, लोकांचे शेअर असलेली कंपनी. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट सुरू झाली, जी आजच्या मार्केटिंगच्या पोरांनी जरूर अभ्यासावी. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव चित्रकलेत तयार झालेले होते. काकांचं अर्धं राहिलेलं स्वप्न म्हणा हवं तर. जाहिरातीचं काम त्यांच्याकडे आलं आणि त्यांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचं पत्रक काढलं. उद्देश साधा होता. कारखान्यात काय बनतं, कसं वापरायचं, हे गिऱ्हाइकांना आणि विक्रेत्यांना कळवायचं. आज कंपन्या न्यूजलेटर काढतात, ते हेच. फरक एवढाच, की आपण ती न वाचता डिलीट करतो आणि ‘खबर’ लोक वाट बघून वाचू लागले. कारण शंकररावांनी तिच्यात नांगराबरोबर माणसांनाही जागा दिली. उद्योगाच्या गोष्टी आल्या, समाजसुधारणेचे वाद आले, व्यंगचित्रं आली. पुढे ‘खबर’ गळून नुसतं ‘किर्लोस्कर’ उरलं. १९३० मध्ये ‘स्त्री’, १९३४ मध्ये ‘मनोहर’. कित्येक मोठे मराठी लेखक या मासिकांतून वाचकांपर्यंत पोचले. म्हणजे नाटकातून लोखंडात गेलेलं आडनाव फिरून साहित्यात आलं, आणि तेही एका नांगराच्या कारखान्याच्या आवारातून! माळरानावरच्या छापखान्यातून निघणारं मासिक पुण्या-मुंबईच्या माजघरात वाचलं जात होतं. वाचणाऱ्या बाईला नांगर घ्यायचा नव्हता. पण तिच्या मुलाला, भावाला पुढे पंप घ्यायचा असला तर नाव परकं राहिलं नव्हतं.

पंप आला तो १९२६ च्या सुमाराला. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून इंजिनीअर होऊन परतीच्या वाटेला लागले. बापाने मासिकं वाचून जे गोळा केलं, ते मुलाला वर्गात शिकायला मिळालं. पुढचा विस्तार ठाऊक असलेला आहे. हरिहरला मशीन टूल्स, बंगळूरला विजेच्या मोटारी, पुण्याला ऑइल इंजिनं. त्यातला मोठा भाग शंतनुरावांच्या पिढीचा, म्हणून तो इथे सोडून देतो.

एक गोष्ट मात्र राहून जायला नको. या सगळ्या पसाऱ्यात लक्ष्मणरावांनी नाव बदललं नाही. इंग्रजांचं राज्य होतं, विलायती नाव लावलं की माल भारी वाटायचा, देशी माल म्हणजे कच्चा असा समज होता. एखादं साहेबी नाव घेऊन नांगर खपवणं सोपं गेलं असतं. त्यांनी कोकणातल्या एका गावावरून आलेलं, इंग्रजाला उच्चारताना जीभ वळवायला लावणारं आडनाव बिडात ओतलं. आणि शेवटी ‘ब्रदर्स’, कारण एकट्याचं ते नव्हतंच. चित्रकलेला पाठवणारे रामूअण्णा, सायकली विकणारे रामूअण्णा, निवडुंगाच्या माळावर वसाहत सांभाळणारे रामूअण्णा. कंपनीच्या नावातल्या अनेकवचनात ते आजही आहेत.

२६ सप्टेंबर १९५६ ला लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला पोस्टाने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाडीत कधी बसलात तर साताऱ्यानंतर, कराडनंतर खिडकीपाशी थांबा. पलूस तालुक्यात एक स्टेशन येतं. तिथल्या बोर्डावर पूर्वी ‘कुंडल रोड’ लिहिलेलं असायचं. आता पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘किर्लोस्करवाडी’ आहे. बोर्डाचे पैसे कोणी कंपनीला लावलेले नाहीत. आसपासच्या शिवारात उसाचा हिरवा रंग दिसेल, मोटारींचा आवाज येईल. उतरून एखाद्या विहिरीपाशी गेलात, तर पंपावरचं नाव वाचून बघा. तिथल्या माणसाला हेही विचारा, की हा बंद पडला तर तो कोणाला फोन करतो.